मावंदं घातल्यावरच यात्रा पुरी: 'हीरोज जर्नी'ची सोपी ओळख

एमपीएससीचा निकाल लागला की आमच्या कराड-उंब्रज भागात दोन दिवसांत फ्लेक्स लागतात. गुलाल, हार, उघड्या जीपमधून मिरवणूक. मग सत्कार होतो आणि सत्काराच्या भाषणात हल्ली एक शब्द हमखास कानावर पडतो, 'हीरोज जर्नी'. रीलमध्ये तोच शब्द, पटकथेच्या शिबिरात तोच, करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानातही तोच. वक्ता पडद्यावर एक गोल दाखवतो. गोलाच्या कडेनं बारा टप्पे लिहिलेले असतात. जगातल्या प्रत्येक थोर माणसाचं आयुष्य या गोलावरून गेलं, तुमचंही जाईल, असं तो सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना एकमेकांना विचारतात, "ते नक्की काय होतं रे?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मागच्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चार वर्षं पुण्यातल्या अभ्यासिकेत बसून ती परीक्षा देत होती. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली, पण यादीत नाव आलं नाही. आता ती गावी परतली होती. चहा झाल्यावर म्हणाली, "मॅडम, तो गोल तुम्हाला माहीत असेल ना? त्यातलं पहिलं सगळं माझं झालंय. घर सोडलं, हाल काढले, चांगली माणसं भेटली. मग माझी गाडी कुठं बंद पडली?"

त्या दिवशी तिला जे तुटक तुटक सांगितलं ते इथं सलग मांडते. तो गोल मला मनापासून आवडतो, आणि तो अर्धाच शिकवला जातो याचं वाईट वाटतं.

गोष्टीचा सांगाडा

जोसेफ कॅम्पबेल नावाचे एक अमेरिकन अभ्यासक होऊन गेले. देशोदेशीच्या पुराणकथा, लोककथा आणि धर्मकथा त्यांनी आयुष्यभर वाचल्या. या कथांचं कातडं निरनिराळं असलं तरी आतला हाडांचा सांगाडा बऱ्याचदा सारखाच असतो, असं त्यांनी १९४९ साली आपल्या ग्रंथात मांडलं. या सांगाड्याला ते 'मोनोमिथ' म्हणतात, म्हणजे अनेक कथांच्या तळाशी असलेली एकच कथा. लोकांच्या तोंडी रुळलेलं त्याचं नाव म्हणजे 'नायकाचा प्रवास'.

सांगाड्याचे मुख्य भाग तीनच. निघणं, झगडणं आणि परतणं. माणूस ओळखीचं जग सोडतो. अनोळखी जगात त्याची कसोटी लागते आणि तिथं त्याच्या हाती काहीतरी येतं. ते घेऊन तो पुन्हा ओळखीच्या जगात येतो.

हे ऐकून कुणाला मुंज आठवली तर ते बरोबरच आहे. बटू आईच्या ताटात शेवटचं जेवतो, केस उतरवतो, भिक्षा मागतो आणि गुरूकडे राहायला जातो. विद्या घेऊन झाली की सोडमुंज होते आणि तो घरी येतो. वयात येण्याचे, लग्नाचे, मर्तिकाचे असे विधी जगभर याच तीन पायऱ्यांनी होतात, हे आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकानं १९०९ सालीच दाखवलं होतं. कॅम्पबेल यांनी त्याच पायऱ्या गोष्टींत पाहिल्या.

आमच्या जिल्ह्यात तर हा सांगाडा घरोघरी आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच त्याला ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. पोरगं एसटीत बसून भरतीला जातं, ट्रेनिंग सेंटरमध्ये घासूनपुसून निघतं, सीमेवर उभं राहतं आणि पंधरा-सतरा वर्षांनी पत्र्याची काळी पेटी घेऊन अंगणात येऊन उभं राहतं. निघणं, झगडणं, परतणं.

मारुतीची उडी: एका गोष्टीत सगळे टप्पे

टप्पे समजून घ्यायला परदेशी सिनेमाची गरज नाही. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक मारुती सातारा-सांगलीतच आहेत. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी, तिकडं बहे आणि शिराळा. तेव्हा मारुतीचीच गोष्ट घेऊ. वाल्मीकी रामायणातल्या किष्किंधाकांडाचा शेवट आणि पुढचं सुंदरकांड मिळून नायकाच्या प्रवासाचा आटोपशीर नकाशाच आहे.

सीतेला शोधायला निघालेले वानर दक्षिण समुद्रापाशी येऊन थांबतात. पलीकडं लंका, मध्ये शंभर योजनं पाणी. ही झाली हाक. जो तो आपली ताकद सांगू लागतो. कुणी दहा योजनं, कुणी वीस, कुणी तीस. अंगद म्हणतो, शंभर योजनं मी जाईन, पण परत येण्याइतकी शक्ती उरेल की नाही ते सांगता येत नाही. अंगदाचं हे वाक्य बाजूला काढून ठेवा, पुढं लागणार आहे.

हनुमान मात्र गप्प बसलेला असतो. या टप्प्याला कॅम्पबेल 'नकार' म्हणतात. हाक आली की माणूस लगेच उठत नाही. धनुष्य टाकून रथात बसलेला अर्जुन हेच करतो. मग जांबुवंत पुढं होतो आणि हनुमानाला त्याच्या शक्तीची आठवण करून देतो. हा गुरू. जांबुवंत त्याला नवीन काही देत नाही. जे आहे त्याचीच आठवण करून देतो. चांगले शिक्षक एवढंच करतात, असं मला पंचवीस वर्षं शिकवल्यावर वाटतं.

मग महेंद्र पर्वतावरून उडी. हा उंबरठा. एकदा पाय सुटले की मागं फिरता येत नाही. वाटेत मैनाक पर्वत वर येऊन म्हणतो, जरा टेक. हनुमान त्याला हात लावून मान देतो आणि पुढं जातो. सुरसा तोंड वासते, तो अंगठ्याएवढा होऊन आत शिरतो आणि बाहेर येतो. सिंहिका त्याची सावली धरून ओढते, तिला तो मारतो. एकाला नमस्कार, एकीला युक्ती, एकीला ताकद. कसोट्यांचा हा टप्पा इतक्या नेमकेपणानं सांगितलेला मला दुसरीकडं सापडला नाही. प्रत्येक अडथळा शत्रू नसतो, आणि प्रेमानं आडवा येणाराही अडथळाच असतो.

लंकेच्या वेशीवर लंकिनी अडवते. आत शिरून घरन् घर धुंडाळलं तरी सीता सापडत नाही. इथं हनुमान खचतो. त्याबद्दल शेवटी बोलू. पुढं अशोकवनात ती भेटते. तो रामाची अंगठी देतो आणि चूडामणी घेतो. हे हाती आलेलं फळ. मग पकडला जाणं, शेपटीला आग, लंकादहन. आग लावून झाल्यावर त्याच्या काळजात धस्स होतं, या आगीत सीताच तर जळली नाही ना? विजयाच्या क्षणीही स्वतःची चूक तपासणारा हा वीर मला फार जवळचा वाटतो.

आणि मग परत उडी. किनाऱ्यावर ताटकळलेल्या वानरांना तो आल्या आल्या सांगतो, "दृष्टा सीता". सीता पाहिली. वानर आनंदानं मधुवनात घुसून मध पिऊन धुडगूस घालतात. चूडामणी रामाच्या हातात पडतो तेव्हा कुठं काम पुरं होतं.

बारा टप्पे की सतरा?

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त माणसं वेगळी. कॅम्पबेल यांनी एकूण सतरा टप्पे सांगितले. निघण्याचे पाच, झगडण्याचे सहा आणि परतण्याचे सहा. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'च्या दिग्दर्शकानं आपल्यावर कॅम्पबेल यांचं ऋण असल्याचं मोकळेपणानं सांगितलं आणि सिनेमावाल्यांचं या सांगाड्याकडं लक्ष गेलं. नंतर १९८०च्या दशकात हॉलिवूडमध्ये कथा वाचून अहवाल लिहिण्याचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होगलर यांनी पटकथेसाठी त्याचं सुटसुटीत रूप केलं. ते बारा टप्प्यांचं. तुम्ही पडद्यावर पाहता तो गोल हाच.

आता नीट मोजा. कॅम्पबेल यांच्या सतरात परतीला सहा टप्पे होते. बारात ते तीनवर आले. रीलमध्ये आणि सत्काराच्या भाषणात एकही राहत नाही, तिथं गोष्ट पदकावर, पोस्टवर, पॅकेजवर संपते. गोल म्हणून जे दाखवतात ती खरं तर अर्धी कमान असते. माझ्या विद्यार्थिनीला वाटत होतं की तिची गाडी मध्ये बंद पडली. मला दिसत होतं की जो रस्ता तिला कुणी दाखवलाच नव्हता त्यावर ती उभी आहे.

परतीला एवढं महत्त्व का?

आपल्याकडं जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. काशीहून कुणी आलं की गंगेचा गडू पुजतात, भावकीला आणि गावाला जेवायला घालतात. त्याला मावंदं म्हणतात. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कुणी मानत नाही. माझी आजी पंढरपूरहून आली की पायावर पाणी घालून तिला घरात घेत. मग तिच्या पिशवीतून बुक्का, चुरमुरे, बत्तासे निघत. पुडी छोटी असायची, पण गल्लीतल्या प्रत्येक घरात चिमूटभर तरी गेलीच पाहिजे हा तिचा हट्ट असे. एकदा पावसात चुरमुरे सादळले होते. तिनं ते तव्यावर गरम केले आणि मग वाटले. बारा टप्प्यांच्या गोलात ज्याला 'अमृत घेऊन परत येणं' म्हणतात, ते मी त्या तव्यावर पाहिलं आहे.

पण परतणं सोपं नसतं. आषाढीला माउलींची पालखी नीरेत स्नान करून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तेव्हा रस्त्याला मुंगी शिरायला जागा नसते. तीच पालखी पौर्णिमेच्या काल्यानंतर आळंदीला परत निघते तेव्हा सोबत मोजकीच माणसं असतात. त्या चालण्याला परतवारी म्हणतात. तिथं कॅमेरे नसतात, फराळाचे स्टॉल नसतात. वाट तीच आणि चालणंही तेवढंच.

परतीच्या पहिल्याच टप्प्याला कॅम्पबेल यांनी 'परतीला नकार' असं नाव दिलं आणि उदाहरण घेतलं ते आपल्या मुचकुंद राजाचं. देवांसाठी असुरांशी लढून दमलेल्या मुचकुंदानं वर मागितला तो झोपेचा, आणि तो एका गुहेत झोपून गेला. कृष्णाच्या मागं धावत कालयवन त्या गुहेत आला, झोपलेल्याला कृष्ण समजून त्यानं लाथ मारली आणि मुचकुंदाच्या नजरेनं तो भस्म झाला. मुचकुंद बाहेर आला तर युग पालटलेलं आणि माणसं आकारानं लहान झालेली. तो गावाकडं वळलाच नाही, तपाला निघून गेला. फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या एका चुलत्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरंय. पारावर बसलो की कशावर बोलायचं तेच कळत नाही."

गौतम बुद्धांच्या कथेतही हा क्षण आहे. ज्ञान झाल्यावर त्यांना वाटलं, हे इतकं सूक्ष्म आहे की कुणाला सांगून कळणार? ब्रह्मदेवानं विनंती केली तेव्हा ते उठले आणि सारनाथला जाऊन बोलले. महाभारतात याची उलट बाजू आहे. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचं माहीत होतं, बाहेर यायचं कुणी शिकवलं नव्हतं. आपण पोरांना स्पर्धेत पाठवतो ते असंच, याची मला शिक्षक म्हणून बोचणी आहे.

गोळेश्वरचे खाशाबा: खऱ्या आयुष्यातला गोल

पुराणातली वांगी पुराणात, असं कुणी म्हणेल. म्हणून कराडशेजारच्या गोळेश्वरला जाऊ.

खाशाबा जाधवांचे वडील पैलवान. लहानपणापासून तांबड्या मातीत घुमलेलं शरीर. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा पहिल्यांदा मॅटवर उभे राहिले. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. नियम वेगळे, पकडी वेगळ्या. उंबरठा ओलांडणं म्हणजे काय ते इथं तळपायाला कळतं. तरी ते सहावे आले.

१९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. तिथं जपानच्या मल्लाशी दमछाक करणारी लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुन्हा मॅटवर उतरावं लागलं, आणि त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं.

फ्लेक्सवरची गोष्ट इथं संपते. परत आल्यावर बैलगाड्यांची जंगी मिरवणूक निघाली, तिच्या आठवणी कराडात अजून सांगतात. पण माझ्या दृष्टीनं खरी परत त्याच्यानंतरची आहे. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. हे त्यांचं मावंदं.

आणि पुढचंही सांगायला हवं. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, नोकरी केली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. नायकानं परत यायचं असतं तसं समाजानंही त्याला परत घ्यायचं असतं. हा टप्पा कॅम्पबेल यांच्या यादीत नाही. तो असायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

"परदेशी माप आपल्याला कशाला?"

ही शंका मला कॉलेजात दरवर्षी विचारतात. कॅम्पबेल यांचं बरंच धान्य आपल्याच कोठारातलं आहे. उपनिषदं आणि पुराणं त्यांनी मन लावून वाचली होती, १९५४-५५ मध्ये ते भारतात फिरले. 'जिथं तुमचा आनंद आहे तिकडं जा' हा त्यांचा गाजलेला सल्ला 'सच्चिदानंद' या शब्दातल्या आनंदावरून सुचला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. माप कुठल्या गावच्या सुतारानं केलं यापेक्षा ते कशाला लावायचं हे महत्त्वाचं.

"बायकांचं काय?"

ही शंका जास्त खोल आहे. कॅम्पबेल यांच्या टप्प्यांत बाई येते ती देवी म्हणून किंवा मोह म्हणून. चालणारी म्हणून क्वचितच येते. मोरीन मर्डॉक या त्यांच्याच विचारात वाढलेल्या लेखिकेनं त्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा बाईला हा प्रवास करायची गरजच नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. ते तिला पटलं नाही. तिनं १९९० साली स्त्रीच्या प्रवासाचा वेगळा नकाशा मांडला.

आपल्याकडं तर उंबरठा हा शब्दच बाईचा आहे. नवी नवरी माप ओलांडते तेव्हा ओळखीचं जग सोडून अनोळखी जगात जाते. फरक एवढाच की तिला परतीचा टप्पा ठेवलेला नसतो. असलाच तर चार दिवसांचं माहेरपण.

त्या चार दिवसांत काय करता येतं ते खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेकीनं दाखवलं. सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवत होत्या आणि रस्त्यानं जाताना शेण-दगड झेलत होत्या, हे सर्वांना माहीत आहे. १८५६ साली आजारपणात त्या माहेरी आल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. भावानं सुनावलं होतं, तुम्हा दोघांना वाळीत टाकलं ते योग्यच, महार-मांगांसाठी करता ते सोडा. सावित्रीबाईंनी त्याला उत्तर दिलं, तू गाय-बकरीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना अस्पृश्य मानतोस? पुण्यात जे कमावलं ते त्यांनी आधी आपल्या आईच्या घरात वाटलं, तेही अंगात ताप मुरलेला असताना. परतीचा याहून अवघड टप्पा मला माहीत नाही. बाहेरच्यांशी भांडणं सोपं असतं.

"एकटा नायक असतोच कुठं?"

नसतो. १९४२ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसह, प्रतिसरकार चाललं. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याची नोकरी सोडून आलेले. प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे अडवून लुटली. गावोगाव न्यायनिवाडे झाले, कमी खर्चातली लग्नं लागली. आता यात नायक कोण? नाना पाटील वर्षानुवर्षं सापडले नाहीत, कारण शेकडो घरांनी ते इथं आलेच नाहीत असं सांगितलं. रात्री दोन वाजता चूल पेटवून दहा माणसांच्या भाकरी थापणारी बाई त्या गोलावर कुठं बसवायची? गोलात 'सोबती' म्हणून एक लहानसा टप्पा असतो. आमच्याकडं तो टप्पाच मोठा होता.

"ओढून ताणून काहीही बसवता येतं"

हे खरं आहे, आणि लोककथांच्या अभ्यासकांनी कॅम्पबेल यांच्यावर हाच आक्षेप घेतला. जुळणाऱ्या कथा घेतल्या, न जुळणाऱ्या सोडल्या. त्याला मी घरचं उदाहरण देते. अख्खी वारी ज्याच्यामुळं चालते तो पुंडलिक प्रवासाला निघालाच नाही. आई-बापाचे पाय चेपत बसला, दारात आलेल्या देवाला वीट फेकून म्हणाला, थांब. आणि देव थांबला. या नायकाला उडी नाही, समुद्र नाही, उंबरठा ओलांडणं नाही. त्याला गोलात कोंबू नये. सांगाडा सगळ्यांना बसत नाही. ज्यांना बसतो त्यांचं चालणं त्यानं समजतं, एवढाच त्याचा उपयोग.

खऱ्या आयुष्यात मात्र एक उपयोग आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना स्वतःची गोष्ट या सांगाड्यावर मांडायला सांगितलं. टप्पे त्यांनी सातच ठेवले. नायक, बदल, शोध, सोबती, आव्हान, पालट, आणि मागं ठेवलेला वारसा. ज्यांनी अशी मांडणी केली त्यांना आपलं आयुष्य अधिक अर्थपूर्ण वाटलं. घडलेलं तेच होतं, लावायची पद्धत बदलली. दिवाळीला कपाट आवरतो तेव्हा एकही नवी वस्तू येत नाही, पण हरवलेल्या चार सापडतात, तसं.

"आणि ज्याच्या हाती काहीच आलं नाही त्याचं?"

माझ्या विद्यार्थिनीचा खरा प्रश्न हा होता. ती पाराकडून येत नव्हती. मागच्या बोळातून, गोठ्याच्या कडेनं घरी जायची, कारण पारावर कुणीतरी विचारायचंच, "कधी आलीस? किती दिवस आहेस?"

तेव्हा तिला हनुमानाचा तो मघाशी राखून ठेवलेला क्षण सांगितला. सगळी लंका पालथी घातली, सीता नाही. तो तटावर बसून विचार करतो, हात हलवत कसा जाऊ? मी काही न सांगता गेलो तर राम जगणार नाही, लक्ष्मण जगणार नाही, सुग्रीव जगणार नाही. त्यापेक्षा जातच नाही. इथंच समुद्रकाठी फळं खाऊन वानप्रस्थासारखा राहीन, नाहीतर जीव देईन. वाल्मीकींनी हे सविस्तर लिहिलं आहे, बुद्धिमंतांमध्ये वरिष्ठ म्हणवल्या गेलेल्या वीराबद्दल लिहिलं आहे. मग स्वतःला सावरत तो भोवती बघतो, तर झाडांनी भरलेली एक बाग दिसते. अशोकवन. ते शोधायचं राहिलेलं असतं.

"म्हणजे मी परत पुण्याला जाऊ?" ती म्हणाली. मी म्हटलं, ते तुझं तू ठरव. अंगदाला जायचं बळ होतं, येण्याची खात्री नव्हती. तू आलीस. आता पिशवी तर उघडून बघ.

मी तिला वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले. निघणं, झगडणं, परतणं. पहिले दोन तिनं भराभर भरले, अक्षर लहान करून करून. तिसरा कोरा ठेवून वही घेऊन गेली.

दोन महिन्यांनी त्यांच्या गावच्या मारुतीच्या देवळात काही कामानं गेले होते. सभामंडपात ती सतरंजीवर बसली होती, समोर पोलीस भरतीची तीन पोरं आणि भिंतीला टेकवलेला लहान फळा. त्यावर पूल ओलांडणाऱ्या आगगाडीचं गणित. एका पोराचं उत्तर सारखं चुकत होतं. ती त्याला म्हणत होती, "गाडीची लांबी धरलीच नाहीस तू. पूल संपला म्हणजे इंजिन बाहेर पडलं, शेवटचा डबा अजून आतच आहे."

मला बघून तिनं वही पुढं केली. तिसऱ्या रकान्यात पेन्सिलनं चार ओळी होत्या.

अंकगणिताच्या सहा वह्या.
राज्यघटना, बरीचशी पाठ.
आजारी पडले तेव्हा मेसच्या मावशींनी आणून दिलेली पेज.
पारावरून जाणे, सोमवारपासून.